रेशमाची मूठ

काठी सगुणाच्या हातातून सुटली, आणि चेंडूऐवजी तीच उडाली. हवेत गिरक्या घेत ती मकाबाईंच्या छत्रीपासून हातभर अंतरावर मातीत रुतली. चेंडू आपला जागच्या जागी, गवतात, पांढराशुभ्र आणि निवांत.

मैदानाला लागूनच कोपरीची मिठागरं. बांधावर घमेली टेकून उभ्या राहिलेल्या बायका खो खो हसल्या.

"गो बाय, चेंडूला मारतंस का मरमेला मारतंस?" त्यांतली सखुबाई ओरडली. तिच्या बोलीत मडमेची मरम व्हायची.

गोपीनाथने तिकडे पाहिलंही नाही. तो कलेक्टर कचेरीत भाषांतरकार होता. जे ऐकायचं नाही ते ऐकू न येण्याची सवय त्याच्या कानांना लागलेली होती. पगडी सावरून तो मकाबाई काय म्हणतात याची वाट पाहत उभा राहिला.

मकाबाईंचं खरं नाव मॅक-काहीतरी असं लांबलचक होतं. ठाण्यातल्या जिभांनी त्याची मकाबाई करून टाकली होती. नवरा कल्याणला रेल्वेच्या इंजिनांवर मुकादम, दोघंही स्कॉटलंडची. त्या मुलखात म्हणे पोरं चालायच्या आधी हा खेळ खेळायला लागतात. बाई लालबुंद होऊन इंग्रजीत बराच वेळ बोलल्या. हातांनी काठी धरून दाखवली, कोपर दाखवलं, कंबर फिरवून दाखवली. बोलणं लांब होतं. गोपीनाथने त्याचं मराठी केलं ते मात्र आखूड झालं.

"बाई म्हणतात, तुला काठी धरायची अक्कल नाही."

सगुणा अनवाणी पावलांनी चालत गेली, काठी मातीतून उपटली आणि मुठीवरचं सुटलेलं रेशीम पुन्हा घट्ट गुंडाळू लागली.

सगळं अडलं होतं ते त्या रेशमापाशी. आणि रेशीम आलं होतं चामड्यामुळे.

नाताळात साहेब लोकांच्या बायकांचे सामने होणार होते. कलेक्टरच्या मडमेच्या मनात आलं, एखादी नेटिव्ह स्त्रीही त्यात असावी. कचेरीत ही गोष्ट निघाली तेव्हा सगळे आपापल्या कागदांत तोंड खुपसून बसले. एकटा गोपीनाथ उभा राहिला. घरी येऊन त्याने ते मोठ्या झोकात सांगितलं, तेव्हा आवडाबाई, म्हणजे त्याची आई, सोवळ्यात तांदूळ निवडत होत्या.

"गोफ?" त्या म्हणाल्या. "गोफ विणायचा तर अष्टमीला देवळात विणा. त्याला मैदान कशाला लागतं?"

"गोफ नव्हे आई, गोल्फ. काठीनं चेंडू मारायचा असतो."

"मग विटीदांडू म्हण की. आणि तो माझ्या सुनेनं खेळायचा? गोऱ्या बायकांपुढं?"

"त्यांच्यापुढं नाही, त्यांच्याबरोबर."

"कर काय करायचं ते. उद्या त्यांच्याबरोबर जेवायलाही बसव." आवडाबाईंची नजर मुलाने मिरवत आणलेल्या काठीवर गेली. "ती मूठ कसली आहे रे?"

गोपीनाथने काठी दुसऱ्या हातात घेतली. मूठ मेंढीच्या कातड्याची होती. शिवण उघड दिसत होती.

आवडाबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं. मुलाशी त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. ज्याच्यावर आपलं चालत नाही त्याच्यावर शब्द वाया घालवायच्या नाहीत त्या. त्या सुनेकडे वळल्या.

"सगुणे, चामड्याला शिवलीस तर त्या दिवशी माझ्या चुलीशी फिरकायचं नाही. रोज शिवणार असशील तर रोज नाही. आणि मग या घरात तुझं काम काय उरलं, ते तूच तुझ्या बापाला विचार."

गोपीनाथने तेव्हा ऐकून घेतलं. पण रात्री ती पानं वाढत असताना तोही म्हणाला, "मी कचेरीत शब्द देऊन बसलोय. मंडळींसमोर माझी फजिती झाली, तर मी स्वतः तुला माहेरी मोहन्याला नेऊन सोडीन. समजलं?"

समजलं नाही असं कसं होईल? मोहन्याला तिची तुळसाआत्या होती ना. सासरहून परत आलेली. गोठ्याच्या कडेला तिचा बिछाना, दिवसभर दुसऱ्यांचं धान्य निवडायचं, आणि सणाच्या पंगतीत पान सगळ्यांत शेवटी. लहानपणी सगुणा तिच्याशेजारी बसून जेवली तर आई डोळे वटारायची. सोळाव्या वर्षी त्या बिछान्याशेजारी आपला बिछाना पडणार. काठी मारली तर सासू काढणार, नाही मारली तर नवरा.

रेशमाची युक्ती तिचीच. रेशमाला विटाळ नाही, हे तर आवडाबाईच उठता-बसता सांगायच्या. सासऱ्यांच्या जुन्या, विरलेल्या सोवळ्याच्या रेशमी मुकट्याची पट्टी फाडून तिने मुठीवर गुंडाळली आणि सासूपुढे धरली. आवडाबाईंनी ती बराच वेळ निरखली. शास्त्रात खोट सापडेना.

"धर," त्या म्हणाल्या. "पण एक बोट जरी आत गेलं, तरी मला कळेल."

तेव्हापासून हे असं चाललं होतं. काठी मागे जाईपर्यंत सगळं ठीक. खाली येताना रेशीम चामड्यावरून सरकायचं, मूठ तळव्यात फिरायची, आणि काठीचं डोकं चेंडूला सोडून भलतीकडेच जायचं. कधी माती उडायची, कधी नुसतीच हवा. मग मकाबाई तिच्या कोपरावर छडीने टकटक करायच्या, बैल वळवावा तशी. गोपीनाथ उसासा टाकायचा. बांधावरून सखुबाईचा आवाज यायचा, "मारला गो मारला, वाऱ्याला मारला!"

एक गोष्ट तिच्या बाजूची होती, ती म्हणजे लुगडं. मकाबाईंना स्वतःला मारायचं असलं की वाऱ्याने फुगणाऱ्या झग्याला गुडघ्यांपाशी पट्टा बांधावा लागे. सगुणाचा कासोटा पक्का होता. पाय हवे तेवढे फाकवा, कंबर हवी तेवढी वळवा. पहिल्या दिवशी ती तशी उभी राहिली तेव्हा मकाबाई तिच्या पायांकडे पाहून काहीतरी पुटपुटल्या होत्या. गोपीनाथने त्याचं भाषांतरच केलं नव्हतं.

घरी परसात, तुळशीवृंदावनामागे, आडोसा होता. दुपारी सासूचा डोळा लागला की सगुणा तिथे जायची. हातात सोवळं वाळत घालायची काठी. उंच वलणीवर ओलं लुगडं चढवायला जी लागते ना, तीच. लांब, हलकी, तळाशी जराशी वाकलेली. पुढ्यात गळून पडलेलं हिरवं लिंबू. डावा हात ताठ. नजर लिंबावर. कंबर आधी, खांदे मागून. घाई करायची नाही. झोपाळा मागे गेला की क्षणभर थबकतो, तसं थबकायचं आणि मग सोडून द्यायचं. पहिले काही दिवस लिंबं नुसती चेचली. मग एके दुपारी टक् असा कोरडा आवाज झाला, आणि लिंबू शेजारच्यांच्या फणसावर जाऊन आदळलं.

सगुणा तोंडावर पदर दाबून हसली. आपल्या हातांनी इतक्या दूर काही पाठवता येतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती हात उघडे करून त्यांच्याकडे पाहत राहिली. हात कुठे चुकत होते? हात चांगले होते. रेशीम चुकत होतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर जाण्याआधी तिने पट्टी पाण्यात बुडवून पिळली. ओलं रेशीम जरा कमी सरकलं. चेंडू उडाला नाही, पण नीट, सरळ रेषेत गवतावरून धावत गेला.

"गुड!" मकाबाई म्हणाल्या. "मच बेटर. गुड, गुड!"

गोपीनाथने घसा साफ केला. "बाई म्हणतात, अजून काहीच जमत नाहीये."

सगुणाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाआधी ती मामाकडे कल्याणला राहायची, चौथीपर्यंत मिशनच्या मुलींच्या शाळेत गेली होती. इंग्रजी फारसं आलं नव्हतं, पण बेरीज बरोबर आली की तिथली बाई पाटीवर जो शब्द खडूने लिहायची, तो हाच. तेवढा एक शब्द तिला झोपेतही ओळखता आला असता. लग्नाला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत याने माझ्यासाठी आणखी कशाकशाचं भाषांतर केलं असेल, असं तिच्या मनात आलं.

"काय बघतेस?" गोपीनाथ म्हणाला.

"काही नाही. अजून काहीच जमत नाहीये ना? तेच."

त्या दिवसापासून तिने त्याचं मराठी ऐकणं सोडलं. ती मकाबाईंच्या मनगटांकडे बघायची, टाचांकडे बघायची, श्वास कधी घेतात ते बघायची. मार सुधारत गेला. बांधावरचं हसणं कमी झालं. पण चेंडू जसा हवेत उचलला जायला हवा, तसा उचलला जाईना. ओलं झालं तरी रेशीम ते रेशीमच.

मग एका सकाळी मकाबाईंचा धीर सुटला. त्या तरातरा आल्या, सगुणाची मूठ धरली आणि रेशमाची पट्टी ओरबाडून काढू लागल्या. सगुणाने काठी छातीशी ओढली. दोघींची झटापट झाली. भर मैदानात, शिकवणारी आणि शिकणारी, एका चिंधीसाठी.

"नो!" मकाबाई ओरडल्या.

"नो!" सगुणाही ओरडली. तिला येत असलेला दुसरा इंग्रजी शब्द.

मकाबाई मागे सरल्या. चिंधीकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या तळहाताकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आपला हात लागलेली काठी या पोरीला घाण वाटते. ते अगदीच खोटंही नव्हतं, आणि तेच वाईट होतं. त्यानंतर त्या सगुणाच्या जवळ आल्या नाहीत. छडीने टकटकही केलं नाही. लांबूनच, ताठ मानेने, जेवढ्यास तेवढं दाखवत राहिल्या.

नाताळचा दिवस उजाडला. मैदानावर तंबू लागले, पताका लागल्या, कचेरीतली सगळी मंडळी नव्या उपरण्यांत आली. देशी बायकांपैकी खुर्चीवर कोणी नव्हती. ज्या होत्या त्या बांधावर. सगुणाने हिरवं लुगडं नेसलं होतं. लांब टोल्याचा सामना होता. प्रत्येकीने एकेक चेंडू मारायचा, जिचा चेंडू सगळ्यांत लांब जाईल ती जिंकली. झगे फडफडत होते, टाळ्या वाजत होत्या, कोणाचा चेंडू झुडपात गेला की गोऱ्या बायका किणकिण हसत होत्या.

"नीट मार," गोपीनाथ तिच्या कानाशी दातांतून म्हणाला. "सगळे बघताहेत. मोहनं लक्षात आहे ना?"

"आहे."

ती चेंडूपाशी उभी राहिली. पाय फाकवले. काठी उचलून एकदा तोलून पाहिली. मूठ तळव्यात सरकली.

आज हा फटका फुकट गेला, तर हा मोहन्याला सोडणार. रेशीम काढलं, तर सासूबाई चुलीवरून काढणार. सखुबाई रोज मीठ घेऊन दारी येते, संध्याकाळपर्यंत बातमी घरी. दोन्हीकडून गोठ्याकडेचा तोच बिछाना. मग तिथे जायचंच असेल, तर निदान फटका मारून जावं.

तिने काठी काखेत धरली आणि पट्टीची गाठ सोडली. रेशीम सावकाश उलगडलं. ते तिने नवऱ्यापुढे धरलं.

"हे धरा जरा."

गोपीनाथने ते हातात घेतलं.

चामडं उबदार होतं. खरखरीत, माणसाच्या तळव्यासारखं. बोटं त्यावर बसली ती बसलीच. सगुणाने नजर चेंडूवर ठेवली. काठी मागे गेली, क्षणभर थबकली.

टक्.

चेंडू कुठे गेला ते तिने पाहिलं नाही. बांधावरून आरोळी उठली.

"गेला गो बाय, आमच्या मिठान परला!"

कोणा कॅप्टनच्या बायकोचा चेंडू चार हात पुढे निघाला, बक्षीस तिलाच मिळालं. पण कलेक्टरच्या मडमेने गोपीनाथशी हस्तांदोलन केलं. तो इतका वाकला की पगडी सावरावी लागली. मकाबाई दुरून चालत आल्या. त्यांनी सगुणाच्या उघड्या मुठीकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि बरंच काही बोलल्या. गोपीनाथ मडमेत गुंतला होता. भाषांतर करायला कोणी नव्हतं. त्यामुळे सगुणाला ते सगळं कळलं.

घरी आवडाबाई दारातच होत्या. मीठ आधी येऊन गेलं होतं.

"तिथंच थांब. मागून ये. विहिरीवर न्हा, आणि पडवीत बस."

सगुणा न्हायली आणि पडवीत बसली. बाजूला बसायच्या दिवसांत बसते तशीच. आता मुलाला बोलावतील, आता गाडी सांगतील. आतून फुंकणीचा आवाज आला, धूर आला, खोकला आला. भांडं आदळलं. सासूबाईंचा गुडघा सुजलेला, त्यांना बसलं की उठवत नसे. "अगं आई गं" हे त्या देवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. गाडी कोणी सांगितली नाही. सगुणाने कोनाड्यातली नवऱ्याची जुनी वर्तमानपत्रं ओढली आणि उजेड होता तोवर वाचत बसली.

गोपीनाथ जेवायला बसला तो खुशीत.

"आई, भात लागलाय."

"तुझ्या मडमेला सांग."

"बरं, आता झालं की सगळं. साहेब खूश आहेत. उद्या ती काठी परत करून टाकतो. संपलं."

"संपलं?" आवडाबाईंचा आवाज एकदम नरम आला. त्या उंबऱ्याशी येऊन पडवीत डोकावल्या. "ऐकलंस ना गं? उद्या पहाटे न्हा, सोवळं नेस, आणि आत ये. उद्या पुरणाचा घाट आहे, मला काही वाटायला होणार नाही."

मोहन्याचं नाव कोणी काढलं नाही. तिच्यावाचून चूल अडते, मग तिला धाडणार कोण? सगुणा रात्री उशिरापर्यंत त्या गोष्टीकडे सगळ्या बाजूंनी बघत बसली.

सकाळी ती न्हायली. सोवळं नेसली. आत डाळ शिजायला ठेवलेली होती, आवडाबाई चुलीपुढे पाट टाकून तिची वाट बघत होत्या. पुढच्या ओटीवर गोपीनाथ पगडी चढवत होता.

"अगं, काठी कुठाय? मला निघायचंय!"

काठी परसात होती. टक् असा आवाज घरभर ऐकू आला, आणि शेजारच्या फणसावरून कावळे उडाले.

मग सगुणा स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर. हातात काठी होती, मुठीवर बोटं होती. मधे काही नव्हतं.

"सासूबाई, मी चामड्याला शिवले."

आवडाबाईंनी वळून पाहिलं. त्यांची नजर सुनेच्या हातावर राहिली, मग मागे परसात फिरून आली.

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही."

"मग गप आत ये. हात धू, पाणी शिंपडते मी. डाळ लागतेय."

सगुणा हलली नाही. तिचा आवाज अगदी आदराचा होता.

"नाही हो सासूबाई. तुमच्या चुलीला विटाळ कसा होऊ देऊ? शिवले ते शिवले."

आवडाबाई गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. ओटीवरून गोपीनाथने पुन्हा हाक मारली. चुलीवरची डाळ तळाला धरली होती. वास दोघींनाही आला. हललं कोणीच नाही.